खिडकीच्या चिपमधली आठवण: बंद कपाटातले जुने कॉम्प्युटर मुके का होतात?

मागच्या दिवाळीच्या आधी भंगाराच्या दुकानात एक लाकडी पेटी दिसली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नुसता '७' काढलेला. उघडली तर आत ८०८५चा किट, म्हणजे ८०८५ नावाच्या प्रोसेसरवर शिकायचा उघडा, छोटा कॉम्प्युटर. ज्यांनी ऐंशीच्या, नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरही इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. हिरवा बोर्ड, कोपऱ्यात कळफलक, वर सहा लाल आकडे दाखवणारा डिस्प्ले. चार आकडे मेमरीतल्या जागेच्या पत्त्याचे, दोन तिथल्या मजकुराचे. कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे माझ्यासारख्या हजारो पोरांना या किटनेच शिकवलं.

दुकानदाराने तो वजनावर दिला. घरी आणला, पाच व्होल्ट जोडले. लाल आकडे क्षणभर थरथरले आणि विझले. रीसेट दाबलं, तेच. दहा-बारा वेळा दाबल्यावर एकदा मात्र नीट चालू झाला, पण पुढचं रीसेट दाबलं आणि पुन्हा मुका.

बोर्डवर काही जळलेलं नव्हतं. वीज बरोबर पोचत होती. दोष सापडला तो एका चिपमध्ये. तिच्या पाठीवर काचेची गोल खिडकी होती आणि खिडकीवरचा कागद गळून पडला होता. ही चिप विसरायला लागली होती.

ते 'विसरणं' म्हणजे काय, तेच आज सांगायचं आहे. कारण अशा हजारो चिपा आपल्याकडच्या माळ्यांवर, कॉलेजांच्या स्टोअररूममध्ये आणि कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांत बसलेल्या आहेत. त्यांच्यातला मजकूर आज उतरवून घेता येतो. उद्या येईलच असं नाही.

## ही चिप करते काय?

कॉम्प्युटरला वीज मिळाली की त्याचा प्रोसेसर, म्हणजे हुकूम पाळणारा मेंदू, पहिला हुकूम कुठून तरी वाचतो. हा पहिला हुकूम वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असावा लागतो. अशा टिकाऊ मेमरीला रॉम म्हणतात. रॉममधला मजकूर नसेल तर बाकी सगळं यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी. घर आहे, माणसं आहेत, पण सकाळी उठून काय करायचं हेच कुणाला आठवत नाही, अशी ती अवस्था.

सुरुवातीच्या रॉममध्ये मजकूर कारखान्यातच कोरलेला असायचा. चूक झाली तर अख्खी चिप फेकायची. १९७१ मध्ये इंटेलमधल्या डोव्ह फ्रोमन यांनी यावर तोड काढली. बिघडलेल्या ट्रान्झिस्टरांचा तपास करताना त्यांच्या लक्षात आलं की, ज्याची जोडणी सुटलीय असा मधलाच एक भाग विद्युतभार धरून ठेवतोय. हा दोष त्यांनी मुद्दाम वापरायचं ठरवलं. त्यातून आली इप्रॉम: हवा तो मजकूर भरता येणारी, पुसता येणारी आणि पुन्हा भरता येणारी रॉम. पहिली चिप होती १७०२. तिच्यात मावायची २५६ अक्षरं, म्हणजे या परिच्छेदाहूनही कमी मजकूर.

पुढे २७१६, २७३२, २७६४ अशी घराणी आली. माझ्या किटमधली २७६४ होती. तिच्यात ८,१९२ बाइट मावतात. एका बाइटमध्ये आठ बिट, आणि बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक. म्हणजे एकूण ६५,५३६ बिट, आणि प्रत्येक बिटासाठी चिपमध्ये एक स्वतंत्र घर.

## माठ, खूण आणि झाकण

त्या एका घराकडे जवळून बघू. समजा, ते घर म्हणजे एक माठ आहे. माठावर आतून एक खूण केलेली आहे. पाणी खुणेच्या वर असेल तर वाचणाऱ्याने '०' म्हणायचं, खाली असेल तर '१'. रिकामी, नवीकोरी इप्रॉम म्हणजे ६५,५३६ रिकामे माठ, सगळीकडे १.

चिपमध्ये मजकूर भरायचा म्हणजे जिथे ० हवा तिथले माठ भरायचे. इथे पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. ते अशा एका कप्प्यात ढकलतात, ज्याच्या चहूबाजूंनी काचेसारख्या विद्युतरोधक पदार्थाची पातळ भिंत आहे. इलेक्ट्रॉनांना ती भिंत ओलांडायला लावायची तर नेहमीचे पाच व्होल्ट पुरत नाहीत. जुन्या २७१६ ला त्यासाठी २५ व्होल्ट लागायचे आणि प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंद. तिचे २,०४८ बाइट भरायला शंभरेक सेकंद जात. वीज काढून घेतली की इलेक्ट्रॉन आत अडकतात आणि वर्षानुवर्षं अडकून राहतात.

पण माठ कितीही पक्का भाजलेला असला तरी पाझरतो. इप्रॉमच्या भिंतीतूनही इलेक्ट्रॉन अगदी संथपणे निसटतात. उत्पादकांनी त्या काळी साधारण दहा वर्षं टिकण्याची हमी दिली होती. प्रत्यक्षात चाळीस वर्षांनंतरही बिनचूक वाचल्या जाणाऱ्या चिपा भरपूर आहेत, कारण ती हमी सावधपणे दिलेली होती. पण सगळे माठ सारखे भाजलेले नसतात. पासष्ट हजारांत एखादा कच्चा निघतोच आणि पाणी खुणेखाली जातं ते आधी त्याचं. म्हणून अशी चिप एकदम मरत नाही. आधी एखादा बिट सुटतो, मग दुसरा.

आता खिडकी. माठ रिकामे करायचे, म्हणजे चिप पुसायची, तर उन्हात ठेवून पाणी वाफ करून उडवायचं. इथे ऊन म्हणजे अतिनील प्रकाश. तो साध्या काचेतून नीट जात नाही म्हणून खिडकी क्वार्ट्झची असते. कॉलेजच्या लॅबमध्ये ड्रॉवरसारखी एक पेटी असायची, आत जांभळट दिव्याची नळी. त्यात चिप पंधरा-वीस मिनिटं ठेवली की कोरी. तो दिवा २५३.७ नॅनोमीटरचा. पण ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या प्रकाशलहरींनीही पुसलं जायला सुरुवात होते आणि सूर्यप्रकाशात त्या असतात. इंटेलच्या २७१६च्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की, थेट उन्हात ही चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाईल आणि ट्यूबलाइटखाली सतत राहिली तर सुमारे तीन वर्षांत.

म्हणून खिडकीवर कागद चिकटवतात. तो कागद म्हणजे माठाचं झाकण. माझ्या किटमधलं झाकण गळून पडलं होतं आणि तो किट कधीकाळी कोण जाणे किती दिवस लॅबच्या उजेडात उघडा पडला असावा.

## एका बिटाने एवढं काय बिघडतं?

पासष्ट हजारांतला एकच बिट चुकला तर काय मोठं, असं वाटणं साहजिक आहे. छापील पुस्तकात एखादी वेलांटी चुकली तरी वाचक पुढे जातो. प्रोसेसर तसा जात नाही. माझ्या किटमध्ये जे झालं तेच दाखवतो.

८०८५ प्रोसेसर रीसेट झाला की बरोबर ०००० या पत्त्यावरचा बाइट वाचतो. किटमध्ये तिथे असायला हवं होतं 'सी३' (बाइट असा दोन अंकांत लिहितात, ० ते ९ आणि त्यापुढे ए ते एफ). याचा अर्थ 'अमुक पत्त्यावर उडी मार', आणि पुढच्या दोन बाइटांत तो पत्ता. सी३ बिटांत लिहिला की होतो ११००००११. त्यातला उजवीकडून तिसरा बिट ० आहे, म्हणजे तिथला माठ भरलेला. तोच माठ पाझरून खुणेखाली आला. आता वाचणाऱ्याला दिसतं ११०००१११, म्हणजे 'सी७'.

सी७ हाही एक वैध हुकूम आहे. अर्थ: 'परतीचा पत्ता टिपून ठेव आणि ०००० वर जा'. प्रोसेसर आज्ञाधारकपणे ०००० वर जातो. तिथे काय आहे? सी७. पुन्हा ०००० वर जा. अशा या किटमध्ये ही फेरी सेकंदाला अडीच लाख वेळा होते, आणि दरवेळी परतीचा पत्ता टिपता टिपता बाकीची मेमरीही भरून जाते. बाहेरून दिसतो फक्त काळा डिस्प्ले.

पाणी खुणेच्या अगदी लगत असेल तर वाचणारा कधी ० म्हणतो, कधी १. म्हणून दहा-बारा वेळांत एकदा किट चालू व्हायचा. असा 'मधूनच चालतो' छापाचा बिघाड जुन्या यंत्रात दिसला, तर भंगारात काढण्याआधी या चिपकडे बघा.

## 'चिपला कुठे काय झिजतं? नीट जपून ठेवलीय की!'

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकलाय. फिरणारा भाग नाही, वापर नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात आहे. पण पाझरायला वापर लागत नाही. त्याला वेळ लागतो आणि उष्णता. उष्णता वाढली की इलेक्ट्रॉन निसटण्याचा वेग वाढतो, म्हणून चिप किती टिकेल हे तपासताना कारखान्यात ती भट्टीत तापवूनच बघतात. विदर्भातल्या पत्र्याखालचा माळा मे महिन्यात किती तापतो हे तिथे राहणाऱ्यालाच विचारा. जुनी यंत्रं नेमकी अशाच माळ्यांवर असतात.

कोकणात आणि गोव्यात दुखणं वेगळं. तिथे खाऱ्या, दमट हवेने पाय सडतात. चिपचे पाय म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या बारीक पट्ट्या. सत्तरच्या दशकातल्या कित्येक चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असायचा. तो घरातल्या चांदीच्या निरांजनासारखाच काळा पडतो आणि विजेला वाट मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक मुकी चिप विसरलेली असते असं नाही. अनेकदा नुसती चिप सॉकेटमधून काढून, पाय पुसून परत बसवली की यंत्र बोलायला लागतं. आधी हे करून बघा. माझ्या किटमध्ये याने काही झालं नाही, पण निदान एक संशय फिटला.

## बाकीच्या मेमरींचं काय?

सगळ्याच चिपा इप्रॉम नसतात. कारखान्यात कोरलेल्या रॉमला मास्क रॉम म्हणतात. तिच्यात माठच नाहीत, त्यामुळे पाझरणंही नाही. ओलाव्याने किंवा आतली तार सुटून ती मरू शकते, विसरत मात्र नाही. दिसायला अगदी तशीच, बिनखिडकीची प्लॅस्टिकची, पण एकदाच भरता येणारी इप्रॉमही असते. ती प्रकाशाला घाबरत नाही, पण पाझरते. खिडकी नाही म्हणजे चिंता नाही, असा हिशेब करू नका.

रॅम, म्हणजे वीज असेपर्यंतची कामचलाऊ मेमरी, मुळातच विसरभोळी. ऐंशीच्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरच्या खालच्या १६ किलोबाइटमध्ये ४११६ नावाच्या आठ रॅम चिपा असतात. दर दोन मिलिसेकंदांत त्यांना आठवण करून द्यावी लागते. त्यांना तीन वेगवेगळे वीजदाब लागतात आणि त्यातला उणे पाचचा गेला की त्या जळतात. इथे वाचवायला मजकूर नसतो, फक्त जुळणारी चिप शोधावी लागते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये रुजू झालेल्या टिफ्रॅकमध्ये चिपा नव्हत्याच. त्याची मेमरी फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती, ४० बिटांचा एक असे २,०४८ शब्द धरणारी. कड्याला दिलेलं चुंबकत्व भारासारखं पाझरत नाही. या एका बाबतीत तो अवाढव्य कॉम्प्युटर पंचवीस वर्षांनी आलेल्या माझ्या किटपेक्षा पक्का होता.

अनेक यंत्रांचे जीव जातात ते मात्र बॅटरीमुळे. काही यंत्रं मजकूर साध्या रॅममध्ये ठेवतात आणि वीज गेल्यावर ती रॅम बॅटरीवर जगवतात. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या सीपीएस-२ या व्हिडिओ गेम बोर्डांत खेळाचं कुलूप उघडणारी चावी अशीच ठेवलेली होती. बॅटरी संपली की चावी गेली, आणि धडधाकट बोर्ड कायमचा बंद. पुढे हौशी संशोधकांनी मोठ्या चिकाटीने त्या चाव्या मिळवून परत बोर्डात लिहायची वाट शोधली.

हे लांबचं वाटत असेल, तर भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने चालणाऱ्या, लेथकडे बघा. त्या पिढीच्या अनेक यंत्रांमध्ये अक्षांच्या मोजमापांचे आकडे बॅटरीवरच्या रॅममध्ये असतात. म्हणून जाणता मेकॅनिक अशा यंत्राची बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलतो आणि त्याआधी सगळे आकडे वहीत उतरवतो. बंद करून बॅटरी काढली की यंत्राला स्वतःचं मापच आठवत नाही.

त्यातही जुन्या कॉम्प्युटरांच्या बोर्डवर डाग दिलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल, तर ती आजच कापून काढा. ती फुटून गळते आणि तो क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या वाटा खातो. हिरवा-पांढरा थर दिसला तर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसा, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

## 'मग नवी चिप बसवा की!'

बसवता येते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या इप्रॉम अजूनही सापडतात. पण नवी चिप म्हणजे रिकामे माठ. कुठला भरायचा आणि कुठला रिकामा ठेवायचा, हे फक्त जुन्या चिपला माहीत आहे. वही जुनी झाली म्हणून बाजारातून कोरी वही आणली, तर आजीच्या हातच्या पाककृती तिच्यात आपोआप येत नाहीत.

'इम्युलेटर वापरा', हा याचाच दुसरा अवतार. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा आजच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. सोंग उत्तम वठतं, पण तोंडी संवाद मूळ रॉममधलेच लागतात.

## 'इंटरनेटवर सगळं मिळतं'

खपाच्या यंत्रांचं मिळतं. स्पेक्ट्रम, कमोडोर, बीबीसी मायक्रो यांचे रॉम जगभर हजारो लोकांनी उतरवून ठेवलेत. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या प्रकल्पाने आर्केड खेळांच्या चिपा पद्धतशीर नोंदवल्या. प्रत्येक चिपचा मजकूर ओळखण्याची खूण तिथे आहे, आणि ज्या चिपचं वाचन संशयास्पद आहे तिच्यापुढे तशी स्पष्ट नोंद आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पण आपल्याकडचं काय? १९८४ पासून शाळांत कॉम्प्युटर पोचवण्याच्या क्लास योजनेत बीबीसी मायक्रो आले. डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवान्याने स्पेक्ट्रम प्लस विकला. मूळ यंत्रं परदेशी असल्यामुळे त्यांचा गाभा वाचलेला आहे. पण इथल्या इंजिनिअरांनी लिहिलेले, किट चालवणारे 'मॉनिटर' नावाचे प्रोग्राम, देवनागरी दाखवण्यासाठी बनवलेली अक्षरांची रॉम, एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी कुणीतरी रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम, हे कोण उतरवून ठेवणार? यांच्या प्रती मोजक्याच निघाल्या. शेवटची प्रत पाझरली की तो मजकूर जगात कुठेच नसेल.

## चिप वाचायची कशी?

लागणारं साधन म्हणजे इप्रॉम प्रोग्रामर. यूएसबीवर चालणारा छोटा डबा, वर चिप धरायची खटक्याची जागा. मजकूर भरण्यासाठी असतो तसाच वाचण्यासाठीही चालतो.

आधी बोर्डचा स्पष्ट फोटो काढा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती कुठल्या बाजूला आहे ते फोटोत दिसलंच पाहिजे. उलटी बसवलेली चिप वीज देताच जळते. खिडकीवरचा जुना कागद सोलू नका. त्यावर कुणीतरी पेनाने आवृत्ती किंवा तारीख लिहिलेली असते आणि ती माहितीही मजकुराइतकीच दुर्मीळ. कागद निसटलेला असेल तर वर नवं झाकण लावा. साधा कागद थोडा प्रकाश सोडतो, काळ्या टेपचा चिकटा काचेवर बसतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलचं लेबल सगळ्यात चांगलं.

चिप काढताना दोन्ही टोकांनी आलटूनपालटून, केसभर केसभर उचला. काळे पाय अल्कोहोलने आणि मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने साफ करा. पाय तुटला तरी तार जोडून वाचता येतं, पण ती वेळ येऊ देऊ नका.

आणि चिपवरचा नंबर पुरता वाचा. इंटेलच्या २७१६ ला वाचायला एकटे पाच व्होल्ट पुरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस२७१६ ला तीन वीजदाब लागतात. नाव जवळपास एकच, पायांची मांडणी वेगळी. चुकीच्या सेटिंगवर वाचायला गेलात तर चिप गमवाल. जुन्या २७०८ चंही तसंच, स्वस्तातले बहुतेक प्रोग्रामर तिला वाचूच शकत नाहीत.

## खूण खाली ओढायची युक्ती

मी किटमधली चिप तीन वेळा वाचली आणि तीन फाइली शेजारी ठेवल्या. ८,१९१ बाइट तिन्हीत एकसारखे. पहिलाच बाइट दोनदा सी७, एकदा सी३. इथे पहिला नियम लक्षात ठेवा: एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही. तीन वाचनं जुळली नाहीत तर चिप कड्यावर उभी आहे.

अशा वेळी माठाच्या खुणेशीच थोडं खेळता येतं. वाचताना चिपला जो वीजदाब देतो, त्यावर ती खूण कुठे असेल हे ठरतं. दाब वाढवला की खूण वर जाते आणि जरासं पाणी कमी झालेला माठही 'रिकामा' ठरतो. दाब कमी केला की खूण खाली येते आणि अर्धवट पाझरलेला माठ पुन्हा 'भरलेला' दिसतो. बऱ्याच प्रोग्रामरमध्ये वाचनाचा दाब बदलता येतो. मी पाचवरून साडेचार व्होल्टवर आलो. सी३. पुन्हा वाचलं, सी३. दहा वेळा वाचलं, दहाही वेळा सी३. मग मुद्दाम साडेपाचवर नेलं. लगेच सी७, आणि शिवाय आणखी चार बाइट डळमळायला लागले. पुढच्या काही वर्षांत कोण सुटणार होतं, त्याची ती यादीच.

बेरीज करूनही पडताळा घेता येतो. वाण्याच्या बिलात सगळ्या रकमांची बेरीज तळाला असते, तशी फाइलमधल्या सगळ्या बाइटांची बेरीज म्हणजे चेकसम. काही उत्पादक तो चिपवरच्या कागदावर लिहायचे. माझ्या चांगल्या आणि वाईट वाचनांच्या बेरजेत बरोबर ४ चा फरक होता, कारण सुटलेल्या बिटाची किंमतच ४. पण नुसती बेरीज फसवू शकते, कारण एक रक्कम चारने वाढली आणि दुसरी चारने घटली तर तळ तसाच. म्हणून सीआरसी किंवा एसएचए अशी पक्की खूण काढून फाइलच्या नावासोबत नोंदवा. एका अक्षराच्या फरकानेही ती बदलते.

## 'हे कायद्यात बसतं का?'

रास्त प्रश्न. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) सांगतं की, कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याने ती ज्या कामासाठी दिली होती त्याच कामासाठी, हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून प्रत काढली तर तो भंग होत नाही. स्वतःच्या किटमधली चिप वाचून तोच किट चालता ठेवणं या चौकटीत आहे. ती फाइल सगळ्यांना वाटणं ही वेगळी गोष्ट, तिथे हक्कदाराची परवानगी लागते. पण वाटायची की नाही हा प्रश्न दहा वर्षांनीही सोडवता येईल. वाचायची संधी तोवर थांबणार नाही.

## मूळ चिपचं काय करायचं?

फाइल पक्की झाली की ती नव्या इप्रॉममध्ये किंवा विजेनेच पुसता येणाऱ्या २८सी६४ सारख्या चिपमध्ये भरा. ती बहुतेक बोर्डांवर २७६४च्या जागी तशीच बसते. यंत्र या नकलेवर चालवा. मूळ चिप फेकू नका. तिच्याच अंगावर तोच मजकूर पुन्हा भरून अर्धवट माठ काठोकाठ करता येतात हे खरं, पण एखादा बाइट चुकीचा वाचला गेला असेल तर चूकच कायमची होईल. नक्कल चालल्याची खात्री होईपर्यंत मूळ चिपला हात लावू नये, असं माझं मत.

ठेवताना जुन्या काळ्या फोममध्ये टोचून ठेवू नका. तो फोम वर्षांनी कुजतो, चिकट होतो आणि पाय खातो. स्थिर विजेपासून वाचवणारी पिशवी, वर धातूचा डबा, आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कप्प्यात.

## आणि खिशातला पेनड्राइव्ह?

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी यांच्यातही मूळ कल्पना तीच: अडकवलेले इलेक्ट्रॉन. माठ कितीतरी बारीक झाले आणि एकेका माठावर एक खूण असायची तिथे आता अनेक खुणा आहेत, म्हणजे एकाच माठात दोन-तीन-चार बिट. चुका दुरुस्त करणारं गणित सोबत असतं म्हणून रोजच्या वापरात काही जाणवत नाही. पण उद्योगाच्या मानकानुसार घरगुती एसएसडी पूर्ण वापरून झिजली, तरी त्यानंतर वीज न देता ३० अंशांना एक वर्ष मजकूर टिकावा, एवढीच अपेक्षा असते. नवी, कमी वापरलेली खूप जास्त टिकते. तरीही लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून लॉकरमध्ये दहा वर्षं ठेवणं हे माठ भरून माळ्यावर ठेवण्यासारखंच आहे. वर्षातून एकदा काढून, वाचून, दुसऱ्या जागी उतरवून ठेवा. वाचवलेल्या रॉमच्या फाइलींनाही हाच नियम.

माझ्या किटमध्ये आता २८सी६४ आहे. बसवली त्या संध्याकाळी रीसेट दाबलं आणि सहाही आकडे एका दमात उजळले, न थरथरता. मग हात आपोआप वळले ते पहिल्या वर्षाला सरांनी फळ्यावर लिहून दिलेल्या प्रोग्रामकडे, दोन आकड्यांच्या बेरजेच्या. ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. कळा अजून कडक आहेत, ८ दोनदा दाबावा लागतो. प्रोग्राम चालवला, रीसेट केलं, २०५० हा पत्ता उघडला. उजवीकडच्या दोन लाल आकड्यांत ०८ उभं होतं.